मूळ संख्या आणि सहमूळ संख्या: नाव सारखं, गोष्ट वेगळी

स्कॉलरशिपची तयारी करणारे गावातले पाचसहा पोट्टे संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसतात आणि दरवर्षी एकाच जागी अडकतात. "दादा, ८ अन् ९ सहमूळ कशा? दोन्ही तर मूळ नाहीत न!" चूक त्यांची नाहीच, नावातच 'मूळ' आहे म्हणून वाटतं की सहमूळ म्हणजे दोन मूळ संख्यांची जोडी.

मूळ असणं हा एकट्या संख्येचा गुण आहे, १ आणि ती स्वतः एवढे दोनच विभाजक. सहमूळ मात्र नातं आहे, व्याह्यासारखं. एकटा माणूस व्याही कसा होईल, समोर दुसरा पाहिजेच. दोघींना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसला की झाल्या सहमूळ, मग एकेकीचे स्वतःचे विभाजक शंभर असोत. १ स्वतः मूळ नाही तरी सगळ्यांशी सहमूळ, आणि ७ मूळ असून १४ सोबत सहमूळ नाही.

मी मुद्दाम मोठी संख्या देतो, ७,२०,७२०. ही १ ते १६ या सगळ्यांचा लसावि, म्हणजे या सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, हिला २४० विभाजक आहेत, आणि १० लाखाच्या आत याहून जास्त विभाजक कोणत्याच संख्येला नाहीत, मला तर फार आवडते ही संख्या. आता हिच्या मागची ७,२०,७१९ घ्या. २ नं भागा, ३ नं भागा, असं पार १६ पर्यंत जा, दरवेळी बाकी उरतेच, की पोट्टे ओरडतात, "मूळ हाय, मूळ हाय!" नाही ना. ३१ नं भाग जातो, पूर्ण अवयव ३१ × ६७ × ३४७. ८४९ चा वर्ग हिच्या पुढे जातो, म्हणजे एखादी एवढी संख्या खरंच मूळ असेल तर ते सिद्ध करायला ८४९ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, वहीची पानंच्या पानं जातात.

आणि या दोघी सहमूळ आहेत का? एक वजाबाकी बस. जी संख्या दोघींना भागते ती त्यांच्या फरकालाही भागते, आणि फरक आहे १. म्हणजे सहमूळ, दोन्ही संयुक्त असूनही! फरक मोठा असला तर मसावि, म्हणजे सगळ्यात मोठा सामाईक विभाजक, काढायचा, तो १ आला की सहमूळ. त्यासाठी भागाकार पद्धत वापरायची, युक्लिडनं दोन हजारांवर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली, त्यात अवयव पाडायची गरजच पडत नाही.

८ आणि ९ चं मात्र मी विहिरीवरून सांगतो. सामाईक विहीर, आज दोघांनीही मोटर लावली, पुढं आपली पाळी दर ८ दिवसांनी आणि काकाजीची दर १२ दिवसांनी, तर २४ व्या दिवशी परत दोघं एकाच वेळी विहिरीवर. काकाजीनं १२ चे ९ केले तर? ते जास्त वेळा येणार, तरी गाठ पडायला ७२ दिवस लागतात. कारण ८ अन् १२ ला ४ सामाईक आहे, ८ अन् ९ ला १ सोडून काहीच नाही, म्हणून लसावि थेट ८ × ९. हेच त्यांचं सहमूळ असणं.