नीलपंखाचा निळा आणि कारवीचा निळा

दसरा जवळ आला की नीलकंठाचं दर्शन घ्या, वर्ष चांगलं जाईल असे मेसेज फिरायला लागतात. हा पक्षी म्हणजे आपला नीलपंख, काही जण तास म्हणतात. तारेवर बसलेला असतो तेव्हा मातकटच वाटतो, पण उडाला की पंखात जो निळा उघडतो तो बघतच राहावा. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हाही डोंगर निळा-जांभळा होतो. डोळ्यांना दोन्ही निळे, पण कारवीत खरंच रंग असतो आणि नीलपंखात निळा रंग नसतोच!

कारवीचं सोपं आहे. पाकळीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं, जांभळात, कोकमात असतं त्याच घराण्यातलं. ते उजेडातला काही भाग शोषून घेतं, उरलेला आपल्याला दिसतो.

पिसाची गंमत वेगळी. पीस केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचंच प्रथिन. निळ्या पिसाच्या तंतूत हे केराटिन स्पंजसारखं असतं, आत हवेची बारीक भोकं, आणि त्यांच्यातलं अंतर बऱ्यापैकी सारखं, निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या (साधारण ४५० नॅनोमीटर) निम्म्याहून थोडं कमी. आता एका भोकावरून परतलेली प्रकाशाची लाट आणि त्याच्या मागच्या भोकावरून परतलेली लाट धरा, दुसरीला जाऊन-येऊन दोन भोकांमधल्या अंतराच्या दुप्पट जास्त पडतं, त्यात केराटिनमध्ये लाट आखूड होते, आणि हा जादा प्रवास बरोबर एका लाटेएवढा भरला की शिखरावर शिखर बसतं, तो रंग झळकतो. निळ्याचं हे गणित जुळतं, लालचं जुळत नाही. उरलेला उजेड खालचं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य गिळून टाकतं. म्हणून पीस सूर्यासमोर धरून आरपार बघितलं तर तपकिरी दिसतं, कुटलं तर निळा गायब.

आधी लोकांना वाटायचं की आकाश निळं दिसतं तसंच हे, प्रकाश नुसता विखुरतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली याच नीलपंखाच्या पिसांवर लिहिलं, नुसत्या विखुरण्याने हे जमत नाही म्हणून. पुढे १९९८ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या कोटिंगा पक्ष्याच्या निळ्या पिसात ही भोकांची शिस्त मोजून दाखवली.

आणि दर्शनाचं म्हणाल तर दसऱ्याला पैसे घेऊन दाखवायला हे पक्षी पकडतात, पंख छाटतात, पाय बांधतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, आणि त्या जिवाच्या हालांवर कोणाचं वर्ष चांगलं जाणार? बघायचाच तर शेताच्या कडेला, तारेवर बघा, फुकट दिसतो.

कारवीचं फूल वहीत दाबून ठेवलं की काही दिवसांत तपकिरी होतं, कारण रेणूच मोडतात. संग्रहालयातला पेंढा भरलेला जुना नीलपंख मात्र अजून निळाच असतो, भोकं जागच्या जागी आहेत तोवर.