एअर स्ट्रट बदलणे

एअर स्ट्रट बदलणे : मोटारीच्या एअर सस्पेन्शनमधला (पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेतला) गळका किंवा झिजलेला स्ट्रट काढून दुसरा बसवण्याचे काम. एअर स्ट्रटमध्ये हवेची स्प्रिंग आणि उसळी शमवणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र जोडलेले असतात. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत स्ट्रट झिजला तर गाडी डुलते, उसळते. एअर स्ट्रट फुटला की ती खालीच बसते, कारण वजन तोलणारी हवाच उरत नाही. नट-बोल्टांपुरते पाहिले तर हे काम साध्या स्ट्रटपेक्षा सोपे आहे, कारण दाबलेली पोलादी स्प्रिंग हाताळावी लागत नाही. बिघडते ते हवेच्या क्रमात. रबरात हवा नसताना त्यावर गाडीचे वजन आले, तर कोरा स्ट्रटही पहिल्या काही मिनिटांतच निकामी होऊ शकतो.

मोटारींत हे तंत्र जुने आहे. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअमला चारही चाकांना हवेच्या स्प्रिंग होत्या. त्या इतक्या गळत की अनेक मालकांनी पुढे त्या काढून कॉइल बसवून घेतल्या. मर्सिडीज-बेंझने १९६१ मध्ये ३०० एसईला एअर सस्पेन्शन दिले. १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि १९९८ च्या एस-क्लासनंतर हवा आणि शॉक एकत्र असलेला स्ट्रट महागड्या गाड्यांत सर्रास दिसू लागला.

रचना

स्ट्रटच्या वरच्या भागात दोऱ्यांचे अस्तर असलेली रबरी बाही असते. तिचे एक टोक टॉप माउंटला (बॉडीला बसणाऱ्या वरच्या आधाराला) आणि दुसरे पिस्टनला धातूच्या कड्यांनी आवळलेले असते. चाक वर-खाली होते तसे रबर पिस्टनवर दुमडते आणि उलगडते. पुष्कळ मोटारींत रबराभोवती अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो. तो बाहेरून आधार देतो, त्यामुळे रबर पातळ ठेवता येते आणि गाडी मऊ चालते. खालून धूळ शिरू नये म्हणून रबरी बूट असतो. स्प्रिंगमधला दाब वजनाप्रमाणे साधारण ५ ते १० बार असतो.

कॉम्प्रेसरची हवा आधी ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून जाते, मग प्रत्येक कोपऱ्याची वाट उघड-बंद करणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि तिथून नायलॉनच्या बारीक नळ्यांनी प्रत्येक स्ट्रटला. चाकांजवळचे हाइट सेन्सर उंची कळवतात आणि त्यानुसार कंट्रोल युनिट हवा भरते किंवा सोडते. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत हवेची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात. तिथे नुसती स्प्रिंग बदलली तरी भागते.

स्ट्रट का जातो

रबर सर्वांत आधी घडीवर तडकते. गाडी बहुतेक वेळ एकाच उंचीवर चालते, म्हणून घडी त्याच पट्ट्यात वर्षानुवर्षे पडत राहते. बूट फाटला की वाळूचे कण घडी आणि पिस्टन यांच्यामध्ये अडकतात आणि रबर पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजते. याशिवाय आवळलेल्या कड्याखाली गंज धरतो, नळीच्या जोडातली ओ-रिंग कडक होते, टॉप माउंटचे रबर फाटते. शॉकमधून तेल गळणे हा बिघाड वेगळा. त्यात गाडी उंची धरून ठेवते, पण खड्ड्यानंतर उसळत राहते. शॉकच्या दांड्याजवळ तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ चालत नाही.

मूळ स्ट्रट सहा ते दहा वर्षे टिकला तर तो चांगला चालला असे समजावे. किलोमीटरपेक्षा रबराचे वय जास्त मोजते.

निदान

एक कोपरा खाली बसलेला दिसला की लगेच त्या कोपऱ्याचा स्ट्रट मागवणे ही नेहमीची घाई. काही गाड्यांचे कंट्रोल युनिट उभ्या गाडीत अधूनमधून जागे होते आणि बाकीचे कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याच्या पातळीवर आणते. गळती एका जागी असते, पण सकाळी अख्खी गाडी बसलेली दिसते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजावे, सस्पेन्शनचा फ्यूज काढावा आणि बारा तासांनी पुन्हा मोजावे.

रात्री हवा गार झाल्याने थोडे बसणे हा दोष नव्हे. वजन तेच असल्यामुळे दाब तेवढाच राहतो आणि आकारमान घटते : तापमान ३० वरून ५ अंश सेल्सिअसवर उतरले तर सुमारे ८ टक्के. मात्र ही घट चारही कोपऱ्यांत दिसते. एकच कोपरा चार-पाच सेंटीमीटर उतरला तर ती गळती.

कॉम्प्रेसर खराब असेल तर गाडी वर चढत नाही, पण नुसती उभी असताना बसतही नाही, कारण व्हॉल्व्ह बंद असतात. उभी गाडी बसत असेल तर दोष स्ट्रट, नळी, जोड किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक यांपैकी कशात तरी आहे. साबणाचे पाणी फवारताना गाडी आधी सर्वांत उंच, मग नेहमीच्या आणि शेवटी कमी उंचीवर ठेवून पाहावी. घडीतली चीर एका उंचीवर उघडते आणि दुसऱ्या उंचीवर मिटते; एकाच उंचीवर तपासून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष काढला जातो तो इथेच. डबा असलेल्या स्ट्रटमध्ये बूट खालून सरकवल्याशिवाय घडी दिसत नाही. एवढे करूनही बुडबुडे दिसले नाहीत, तर चाक अधांतरी ठेवून स्ट्रटच्या नळीवर बंद करता येणारा प्रेशर गेज लावावा, थोडी हवा भरावी आणि काटा पाहत राहावे. काटा स्थिर राहिला तर स्ट्रट बहुधा निर्दोष आहे. शोध व्हॉल्व्ह ब्लॉककडे न्यावा.

गळका स्ट्रट बराच काळ तसाच चालवला असेल तर कॉम्प्रेसरही तपासावा. गळती भरून काढण्यासाठी तो सतत चालतो, तापतो आणि त्याची पिस्टन रिंग झिजते. रिलेचे (कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) संपर्क चिकटले तर तो थांबतच नाही. स्ट्रटबरोबर रिले नवी घालणे हा या कामातला सर्वांत स्वस्त विमा आहे. ड्रायरमध्ये ओल साचली असेल तर तोही बदलावा. त्यातून सुटलेली पांढरी भुकटी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसते.

स्ट्रट शक्यतो जोडीने बदलावेत. दुसऱ्या बाजूचे रबर तेवढ्याच वयाचे असते आणि नव्या-जुन्या शॉकच्या जोडीने गाडी ब्रेक मारताना एका अंगाला झुकते.

काढणी

सुरुवातीला सस्पेन्शन जॅक मोडमध्ये (उंची आपोआप बदलणे थांबवणाऱ्या स्थितीत) टाकावे किंवा स्कॅनरने (कंट्रोल युनिटला जोडायच्या उपकरणाने) त्या कोपऱ्याची हवा सोडावी. गाडी बॉडीच्या ठरलेल्या जागी उचलून स्टँडवर टेकवावी. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. व्हॉल्व्ह उघडला की ती काही सेकंदांत उतरते.

चाक काढल्यावर हाइट सेन्सरची बारीक दांडी आधी सोडवावी, कारण सस्पेन्शन आर्म खाली लोंबला की तीच मोडते. मग व्हील स्पीड सेन्सरची तार आणि ब्रेकचा होज क्लिपांमधून मोकळा करावा, शॉकला तार असेल तर तिचा कनेक्टर काढावा. हवेच्या जोडाचा नट पाव फेरा सैल करून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. डोळ्यांवर चष्मा हवा. नळी निघाली की तिच्या तोंडावर लगेच टोपी लावावी. व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या छिद्रांना वाळूचा एक कण पुरतो.

पुढे स्टॅबिलायझर लिंक, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, स्ट्रटचा खालचा बोल्ट आणि शेवटी वरचे नट. टॉप माउंटच्या मधल्या मोठ्या नटाला हात लावू नये. अनेक स्ट्रटमध्ये तो हवेचा कप्पाच बंद ठेवत असतो. चाकाचा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने बांधून ठेवावा, नाहीतर तो बाहेर कलतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि ड्राइव्हशाफ्टचा सांधा आतून निसटू शकतो. खालचा बोल्ट गंजून बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी नळकांड्यात) अडकला असेल तर तेल टाकून वेळ द्यावा. ज्योत लावली तर शेजारचे रबर जाते.

बसवणी

नवा स्ट्रट खोक्यातून काढताच पार्ट नंबर, डावा-उजवा आणि कनेक्टर जुन्याशी ताडून पाहावेत. दिसायला सारखे पण आतून वेगळ्या शॉकचे स्ट्रट एकाच मॉडेलमध्ये असतात. रिकामा स्ट्रट हाताने ओढून लांब करू नये, दाबू नये, वरचा भाग खालच्या भागावर फिरवू नये. घडी उलटी पडली की ती आपोआप सरळ होत नाही. काही स्ट्रट थोडा दाब भरूनच येतात. त्यांचे बूच नळी जोडण्याच्या क्षणापर्यंत काढू नये.

टॉप माउंटवरची खूण किंवा पिन जागेवर यावी, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसतो. नळीचे टोक जुन्या कड्याने चेपलेले असते. तेवढा तुकडा नळी कापण्याच्या कटरने काटकोनात कापावा. पक्कडीने कापलेले टोक लंबगोल होते आणि तिथूनच गळते. नवा जोड आधी स्ट्रटमध्ये हाताने फिरवून बसवावा, मग ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळावा. हा टॉर्क अगदी कमी, काही न्यूटन-मीटर इतकाच असतो. नंतर नळीवर किती आत जायला हवी त्याची खूण करून ती तिथपर्यंत ढकलावी आणि ओढून पाहावी. आट्यांवर टेप किंवा सीलंट लावू नये. त्याचे तुकडे हवेबरोबर व्हॉल्व्हमध्ये जातात.

सेल्फ-लॉकिंग नट नवेच वापरावेत. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट आता फक्त हाताने घट्ट करावेत. त्यांचा शेवटचा टॉर्क आर्म गाडीच्या नेहमीच्या उंचीवर आणूनच द्यायचा. लोंबत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते.

हवा भरणे

चाक अजून जमिनीला टेकलेले नसतानाच हवा भरायची. रिकाम्या स्ट्रटवर वजन आले की घडी पिस्टन आणि डबा यांच्यामध्ये चिमटते आणि रबराला कायमचा चट्टा पडतो. नव्या स्ट्रटच्या कितीतरी ‘सदोष माल’ तक्रारींचे मूळ या एका पायरीत असते.

स्कॅनरने त्या कोपऱ्याला भरण्याची आज्ञा द्यावी. इंजिन चालू किंवा बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, कारण कॉम्प्रेसर मोठा प्रवाह खेचतो. रिकामी यंत्रणा भरताना तो तापून मध्येच बंद पडला तर तो बिघाड नव्हे. उष्णतेपासून संरक्षण म्हणून तो थांबतो. निवू द्यावा आणि पुन्हा चालवावा. रबर गोल फुगून घडी सर्व बाजूंनी सारखी दिसली की जॅक थोडा थोडा उतरवावा आणि जोडावर साबणाचे पाणी फवारावे. बुडबुडा आला तर जोड आणखी आवळत बसू नये. हवा सोडून नळी काढावी आणि टोक पुन्हा कापावे.

नंतरची कामे

फॉल्ट कोड पुसून स्कॅनरमधून उंची कॅलिब्रेट करावी : चारही कोपऱ्यांचे मोजलेले अंतर मिलिमीटरमध्ये भरायचे असते. व्हील अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) त्यानंतर. उंची चुकलेली असताना केलेले अलाइनमेंट वाया जाते. बंपरमधले रडार किंवा काचेमागचा कॅमेरा असलेल्या गाडीत त्यांचीही जुळणी तपासावी, हेडलाइटच्या झोताची उंची तर नक्कीच. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पुन्हा चारही मापे घ्यावीत.

पर्याय

मूळ कंपनीचा नवा, दुसऱ्या उत्पादकाचा नवा आणि जुन्या शॉकवर नवे रबर चढवलेला असे तीन प्रकार मिळतात. तिसरा स्वस्त असतो, पण त्यातला शॉक किती चालला आहे हे बाहेरून कळत नाही. हमी नीट वाचून घ्यावी. चौथा मार्ग म्हणजे हवा काढून टाकून कॉइल बसवणे. गाडी पुन्हा बसत नाही हे खरे, पण भार वाढला की मागचा भाग खाली जातो, उंची बदलण्याची सोय जाते आणि इशारा देणारे दिवे गप्प करायला वेगळे मॉड्यूल लावावे लागते. हेडलाइटची पातळी हाइट सेन्सरवरून ठरत असेल तर ते सेन्सर जागेवरच ठेवावेत.

काढलेला स्ट्रट बदल्यात परत द्यायचा असेल तर तो उघडू नये, जोडाचे छिद्र बुचाने बंद करावे. भंगारात जाणार असेल तरी भोक पाडण्याआधी थांबावे : फुगा रिकामा झाला तरी शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन आणि तेल शिल्लक असते.