ॲक्सिडेंटनंतर कायमचा त्रास राहिला तर क्लेम आणि दिव्यांग सर्टिफिकेट कसं काढायचं (नागपूर)

ॲक्सिडेंटनंतर दोन वेगळी कामं असतात आणि लोक त्यांची खिचडी करून टाकतात. एक दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र), त्यावर एसटीची सवलत, संजय गांधी निराधारचं अनुदान वगैरे मिळतं. दुसरा मोटार अपघात न्यायाधिकरणातला क्लेम, समोरच्या गाडीच्या इन्शुरन्सचे पैसे मिळतात ते यातून. सर्टिफिकेट हातात आलं की पैसे आपोआप येतील असं समजून बसू नका भाऊ.

आधी क्लेमचं पहा, कारण मुदत तिथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज टाकायचा, १ एप्रिल २०२२ पासून हा नियम आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे हे खरं, पण त्या भरवशावर कशाला राहायचं! अपघात समृद्धीवर कुठेही झाला असला तरी तुम्ही नागपुरात राहत असाल तर दावा इथेच, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात टाकता येतो. कागद लागतात ते असे: एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची कॉपी, दवाखान्याचं इंजुरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, ओरिजिनल बिलं (औषधाच्या दुकानाची साधी पावती सुद्धा), एक्स-रे एमआरआयच्या फिल्म, समोरच्या गाडीची आरसी आणि पॉलिसी, आधार, पॅन, बँक पासबुक, वयाचा पुरावा आणि कमाईचा पुरावा. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रनची वेगळी स्कीम आहे, गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख, तो अर्ज एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे जातो.

आता सर्टिफिकेट. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरायचा, फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, हॉस्पिटल निवडायचं. नागपुरात बहुतेक लोक मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यांत जातात. तपासणीला जाताना सगळी जुनी फाइल न्या, नुसतं शेवटचं प्रिस्क्रिप्शन नेऊन काही होत नाही. फायद्यांसाठी साधारण ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्लास्टर असताना घाई करून गेलात तर डॉक्टर उपचार संपल्यावर या म्हणतील, कारण टक्केवारी अवयव किती सुधारला ते पाहून ठरते. सुधारणेची शक्यता असेल तर ठराविक मुदतीचं सर्टिफिकेट मिळतं, ते संपायच्या आधी परत तपासून घ्यावं लागतं.

आणि इथेच सगळे फसतात. सर्टिफिकेटवरची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय, की डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास शंभर टक्के जाऊ शकते, पण सरकारी क्लार्कची नोकरी त्यामुळे जाईलच असं नाही. पैशात पाहा. ३० वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिन्याला २० हजार कमावणारा माणूस धरा. पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवून २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार, या वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा) १७, म्हणजे ५७ लाख १२ हजार. कोर्टाने नुकसान २५ टक्के मानलं तर १४ लाख २८ हजार होतात, ६० टक्के मानलं तर ३४ लाख २७ हजार २००. म्हणून तुम्ही काम नेमकं काय करता, दिवसभर उभं राहावं लागतं का, ओझं उचलता का, गाडी चालवता का, हे वकिलाला अर्जात सविस्तर लिहायला लावा. कमाईचा कागद नसेल तर मालकाचं पत्र, बँकेतल्या एन्ट्री, डिलिव्हरी ॲपचं पेमेंट स्टेटमेंट, जे असेल ते जोडा. ट्रीटमेंट करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागू शकतं, ते वकिलाला आधीच सांगून ठेवा.

डोक्याच्या माराचं तर विचारूच नका. डिस्चार्ज कार्डवर "प्रकृती स्थिर" असतं, घरी आल्यावर माणूस चिडचिड करतो, कालचं विसरतो, वास येत नाही, कधी कधी कित्येक महिन्यांनी फिट येते. पेशंटला स्वतःला हे कळतच नाही, बायकोला किंवा आईला कळतं, म्हणून ओपीडीत त्यांनी सोबत जाऊन बोलावं आणि डॉक्टरांना ते केसपेपरवर लिहायची विनंती करावी. कागदावर नाही ते कोर्टात सिद्ध करणं फार कठीण जातं. गुडघ्यात फ्रॅक्चर गेलं असेल तर पुढे संधिवात होऊ शकतो, रॉड-प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असू शकतं, त्याच्या खर्चाचं डॉक्टरांकडून लेखी एस्टिमेट घ्या, भविष्यातला उपचारखर्चही क्लेममध्ये मागता येतो.

मध्येच इन्शुरन्स कंपनीकडून सेटलमेंटची ऑफर येते. एकरकमी पैसा दिसला की घरचे म्हणतात घेऊन टाक बाप्पा, पण एकदा तडजोड झाली की पुढे फिट आली काय अन् दुसरं ऑपरेशन निघालं काय, परत मागायला जागा राहत नाही. डॉक्टर आता आणखी सुधारणा नाही म्हणेपर्यंत सही टाळलेली बरी. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, दिव्यांग व्यक्तीला आणि महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, पण ज्या दिवशी जाल त्या दिवशी झेरॉक्सचा एक सेट आणि ओरिजिनल दोन्ही घेऊन जा.