चिनी-स्पॅनिश एकत्र घेतल्यावर खिचडी होते?

विद्यापीठात चिनी आणि स्पॅनिश एकदम घेतल्या की डोक्यात खिचडी होते, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. खिचडी होते ती सख्ख्या बहिणींची; स्पॅनिश-पोर्तुगीज जोडीत हा घोळ खराच. पण इथे? स्पॅनिश क्रियापद आपल्या बोलतो-बोलतोससारखं बदलतं: आब्लो, आब्लास. चिनीत दोन्हीकडे नुसतं ‘श्वो’. तिथली गंमत सुरात आहे. ‘मा’चा सूर चुकला की आईचा घोडा होतो! फार तर होकार देताना स्पॅनिश ‘सी’ऐवजी चिनी ‘शृ’ निसटेल.

अडचण आहे ती वेळेची. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या हिशेबात इंग्रजीभाषकाला चिनीसाठी वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे चिनी लिपीतली चिन्हं गिरवायला रोजचा वेळ आधी काढून ठेवा.