कॉलनी रस्त्याची फाइल आणि 'गरज' नावाचा शब्द

नाशिकमध्ये कुणी 'आमच्या कॉलनीचा रस्ता' म्हणालं, की आधी सातबारा पाहावा. बऱ्याच ठिकाणी त्या रस्त्याच्या जागेवर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव असतं. लेआउट मंजूर करून घेणाऱ्याने रस्ते खडीकरण करून महापालिकेच्या ताब्यात द्यायचे, मग अंतिम मंजुरी, असा नियमाचा क्रम. प्रत्यक्षात मुरूम पसरून रोलर फिरवला की रस्ता 'झाला'.

१९८२ मध्ये महापालिका झाली, आसपासची गावं हद्दीत आली, आणि इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळकडच्या शेतांचे प्लॉट पडू लागले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या नोकरदारांनी ते हप्त्याहप्त्याने घेतले. खाली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम-खडीचे थर नीट दाबले नाहीत, तर वरचं डांबर दोन पावसाळेही काढत नाही. त्यामुळे प्राकलनात, म्हणजे कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात, 'पुनर्बांधणी' लिहिलेलं असलं तरी असे कित्येक रस्ते खऱ्या अर्थाने पहिल्यांदाच बांधले जात असतात.

पैशाची बाजू २०१३ पासून बदलली. त्याआधी जकात होती. कटकटीची, पण रोज रोख देणारी. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापारी तिच्यातूनही सुटले आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून राज्याकडून भरपाईचं अनुदान येतं. ते वर्षाला ८ टक्क्यांनी वाढतं, पण किती यावं हे शहराच्या हातात नाही. हातात उरली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीतून येणारं विकास शुल्क.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की रोखलेल्या रस्त्यांच्या कामांवरून झालेला २०१८ चा वाद त्याशिवाय कळत नाही. २०१७ च्या निवडणुकीत १२२ नगरसेवक आले, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. चौघांपैकी रस्ता कुणाचा, हा सातबाऱ्याइतकाच अवघड प्रश्न! निधी मागताना चौघेही पुढे, खड्ड्याची तक्रार घेऊन गेलं की 'तो भाग त्यांच्याकडे'. २५० कोटींच्या पुढची रस्त्यांची कामं मंजुरीच्या वाटेवर असताना नवे आयुक्त आले आणि त्यांनी ती रोखली. यापुढे प्रत्येक काम तीन कसोट्यांवर तपासायचं ठरलं: गरज आहे का, तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, निधी आहे का. वर्तमानपत्रांनी या तीन कसोट्यांना 'त्रिसूत्री' म्हटलं आणि शब्द रुळला.

निधीची कसोटी बरोबरच होती. बजेटमध्ये आकडा लिहायचा, कार्यादेश द्यायचा आणि बिल पुढच्या वर्षावर ढकलायचं, या सवयीने पालिकेवर दायित्वाचा, म्हणजे थकलेल्या देण्यांचा, डोंगर उभा राहतो. तांत्रिक कसोटीबद्दलही कुणाचं फारसं म्हणणं नव्हतं. अडलं ते 'गरज' या शब्दापाशी. ज्या लेआउटमध्ये निम्मे प्लॉट मोकळे, तिथे गरज कमी दिसणार. पण रस्ता नाही म्हणूनच लोक घर बांधायला धजत नाहीत, हे कागदावर कुठे दिसतं? शिवाय ज्यांनी घर बांधलं, त्यांनी परवानगी घेतानाच विकास शुल्क भरलेलं. त्यांच्या दृष्टीने रस्ता मागणं म्हणजे उधारी मागणं होतं, मेहेरबानी नव्हे. त्यातच त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून नव्या मिळकती आणि मोकळ्या जागांचे करयोग्य मूल्याचे (ज्यावर घरपट्टी ठरते त्या मूल्याचे) दर वाढवले गेले. रस्ता नाही आणि मोकळ्या प्लॉटवर कर वाढला, ही गोष्ट पाथर्डी फाट्यावर कुणाला समजावून सांगणार? अविश्वास ठरावाची तयारी झाली, तो बारगळला, आणि नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली.

नगरसेवकांना मात्र 'गरज' हा शब्द वेगळ्या कारणाने खुपला. कोणत्या गल्लीत आधी डांबर पडेल हे सांगण्याची त्यांची मक्तेदारी तो काढून घेत होता. रहिवाशांचा राग आणि नगरसेवकांचा राग त्या वर्षी एकाच मोर्चात चालले, म्हणून दोन्ही एकच समजले गेले.

याच काळात स्मार्ट सिटीतून अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम १.१ किलोमीटरचा रस्ता रखडत रखडत होत होता. कॉलन्यांमध्ये पुढे गॅसच्या पाइपलाइनसाठी खोदाई सुरू झाली. खोदणारा रस्ता तोडफोड फी भरतो, ती पालिकेत जमा होते. पण चर ज्या गल्लीत पडला त्याच गल्लीत ती खर्च होते का, हे रहिवाशाला पावतीवरून कळत नाही. नव्याने केलेला रस्ता ठेकेदाराच्या दोष दायित्वाच्या मुदतीत, म्हणजे बिघाड त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या काळात, असताना खोदला गेला, की खड्ड्याची जबाबदारीही त्या चरातच जाते.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, आणि पुढची निवडणूक होईपर्यंत प्रभागातून फाइल पुढे ढकलणारं माणूसच उरलं नाही. आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत. त्यांचा ओढा घाटांकडे आणि मोठ्या रस्त्यांकडे. कॉलनी रस्त्याची फाइल दरम्यान जुनी होते, दरसूची (कामांच्या सरकारी दरांची यादी) बदलते, प्राकलन नव्या दरांनी करावं लागतं, आणि वाढलेल्या रकमेला पुन्हा पहिल्या टेबलापासून मान्यता घ्यावी लागते.