सीबीनॅट आणि कल्चर: टीबीचे दोन रिपोर्ट दोन गोष्टी का सांगतात?

सीबीनॅट ही बेडक्यातल्या टीबीच्या जंतूचं जनुक वाचणारी झटपट चाचणी. तिच्या कागदावर ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ असं असतं, म्हणजे टीबीच्या या मुख्य औषधाला जंतूचा प्रतिरोध दिसला नाही. महिना-दीड महिन्यानं कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट येतो आणि तो ‘रेझिस्टंट’ म्हणतो. कधी याच्या बरोबर उलट घडतं. घरच्यांना वाटतं, नक्की कुठलीतरी लॅब चुकली. पुष्कळदा कुणीच चुकलेलं नसतं. एका तपासणीनं जंतूचं जनुक वाचलेलं असतं, दुसरीनं तो जंतू औषधात वाढतो का ते पाहिलेलं असतं.

आधी जनुकाचं बघू. पोटातल्या ई. कोलायसारखे जंतू प्रतिरोधाची अख्खी जनुकं शेजारच्या जंतूकडून उसनी घेतात. टीबीचा जंतू तसं करत नाही. त्याच्या स्वतःच्याच जनुकात एखादं अक्षर बदलतं आणि औषध चिकटायची जागा बिघडते. रिफॅम्पिसिनच्या बाबतीत ही जागा आरपीओबी नावाच्या जनुकात आहे, आणि त्यातल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात सुमारे ९५ टक्के प्रतिरोधी जंतूंचा बदल सापडतो. सीबीनॅट नेमका तेवढाच तुकडा तपासतं. मूळच्या कार्ट्रिजमध्ये (नमुना घालायच्या डबीत) त्यासाठी पाच प्रोब, म्हणजे जनुकाला चिकटून चमकणारे छोटे रेणू, असतात. तुकडा जसाच्या तसा असेल तर पाचही चिकटतात आणि चमकतात. एखादा चमकला नाही किंवा फार उशिरा चमकला, की यंत्र प्रतिरोध आहे असं सांगतं. सगळं दोन तासांत. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे जनुक-चाचणीचं दुसरं यंत्रही रिफॅम्पिसिनसाठी याच जनुकाकडे बघतं.

कल्चरला वेळ का लागतो, हा प्रश्न नेहमी येतो. ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. द्रवरूप कल्चरच्या नळीत तळाशी एक संवेदक असतो. जंतू वाढून नळीतला ऑक्सिजन संपवू लागले की तो उजळतो. नळी निगेटिव्ह म्हणायची तर ४२ दिवस थांबावं लागतं. जंतू उगवले की पुढची पायरी, म्हणजे डीएसटी, जंतू औषधाला दाद देतो का हे बघणारी चाचणी. एका नळीत औषध आणि जंतू. दुसरीत औषध नाही, पण जंतू शंभरपट पातळ करून टाकलेले. औषधाची नळी दुसरीच्या आधी किंवा तिच्याबरोबर उजळली, तर शंभरातला निदान एक जंतू औषधाला दाद देत नाही असं धरतात.

या एक टक्क्यामुळेच पहिला फरक पडतो. बेडक्यात बहुतेक जंतू साधे आणि थोडेसेच प्रतिरोधी असतील, तर साध्यांच्या गर्दीत प्रोब नीट चमकतात आणि सीबीनॅटला काही दिसत नाही. कल्चरला ते दिसू शकतात. दुसरं, बदल ८१ अक्षरांच्या बाहेर असला तर सीबीनॅट त्याला पाहतच नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात (तेव्हाचं स्वाझिलँड) २००९च्या सर्वेक्षणात एमडीआर टीबीच्या (रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) सुमारे ३० टक्के जंतूंमध्ये आय४९१एफ हा असाच बाहेरचा बदल निघाला. म्हणून ‘नॉट डिटेक्टेड’चा अर्थ ‘या तुकड्यात बदल दिसला नाही’ इतकाच घ्यावा.

मग कल्चरचाच शब्द अखेरचा मानायचा का? मी मानणार नाही. आरपीओबीतले काही बदल असे आहेत की जंतूचा प्रतिरोध बेताचाच असतो आणि जंतू वाढतोही हळू. द्रवरूप कल्चरच्या नळीत तो मागे पडतो आणि रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’ येतो. पण त्या रुग्णांना नेहमीची औषधं दिली तर आजार उलटण्याचा धोका खरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये द्रवरूप कल्चरमधलं रिफॅम्पिसिनचं प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमवरून ०.५वर आणलं, ते असेच जंतू निसटत होते म्हणून. असा बदल सापडला तर कल्चर काहीही म्हणो, रुग्ण रिफॅम्पिसिन-प्रतिरोधी धरूनच उपचार होतात, आणि ते योग्यच आहे.

जनुक-चाचणीही कधी उगाच घाबरवते. काही बदलांत अक्षर बदलतं पण प्रथिन तेच राहतं. औषध लागू पडतं, पण प्रोब मात्र चिकटत नाही. नव्या अल्ट्रा कार्ट्रिजमध्ये ही चूक बरीच कमी झाली. बेडक्यात जंतू फारच थोडे असले तरीही प्रतिरोधाचा खोटा इशारा येऊ शकतो. म्हणून पूर्वी कधी टीबी नसलेल्या, एमडीआर रुग्णाच्या सहवासात न आलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘रेझिस्टंट’ आला, तर ताज्या बेडक्यावर चाचणी पुन्हा करून घ्यायला डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणखी एक गोष्ट. मेलेल्या जंतूचाही डीएनए शिल्लक राहतो. औषधं नियमित घेऊन बरा होत असलेला माणूस सीबीनॅटमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकतो. त्यामुळे उपचार चालू असताना प्रगती बघायची ती स्मिअरवर (काचेवरचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघून) आणि कल्चरवर.

बेडाक्विलीन या प्रतिरोधी टीबीवरच्या औषधाच्या बाबतीत तर कल्चरला अजून पुरता पर्याय नाही. भारतात २०२४मध्ये मंजूर झालेल्या सहा महिन्यांच्या बीपाल्म या चार औषधांच्या उपचारात हेच मुख्य औषध आहे. त्याचा प्रतिरोध बहुधा आरव्ही०६७८ या जनुकातल्या बदलांनी येतो, पण ते बदल जनुकभर विखुरलेले असतात आणि त्यातल्या अनेकांचा परिणाम काय, हे नुसतं अक्षर वाचून ठरत नाही. ती नळी लावावीच लागते. यासाठी लागणारा बेडका औषधं सुरू होण्यापूर्वीच द्यायला हवा. गोळ्या सुरू झाल्या की जंतू दुबळे होतात, आणि नंतरच्या नमुन्यातून ते वाढवणं अवघड जातं.