कुत्र्याला फटाक्यांची सवय का होत नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला, तेव्हा आमची सात वर्षांची कुत्री चिमी न्हाणीघरात शिरून मोठी बादली आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसली. तिच्या अंगाचा कंप इतका बारीक आणि अखंड होता की बादलीची कडी बराच वेळ किणकिणत राहिली. समोरचे काका दारातून डोकावून म्हणाले, "अगं, लक्ष नको देऊस, दोन दिवसांत सवय होईल तिला." हे वाक्य मी चिमी घरात आल्यापासून दर दिवाळीला ऐकते आहे, आणि दर दिवाळीला चिमी आदल्या वर्षापेक्षा लवकर न्हाणीघर गाठते आहे.

काकांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नाही. रोज सकाळी महापालिकेची कचरागाडी भोंग्यावर गाणे लावून आमच्या गल्लीत येते. पिल्लू असताना पहिले काही दिवस चिमीने या गाडीवर भुंकून घर डोक्यावर घेतले होते. आता ती गाडी दारात उभी असली तरी तिची झोप मोडत नाही. कुकरची शिटी, मिक्सर, शेजारच्या देवळातली घंटा या सगळ्यांना ती सरावली. मग तेच कान आणि तोच मेंदू असताना एक आवाज बोथट होत जातो आणि दुसरा अधिकाधिक धारदार, असे का व्हावे?

पहिला फरक आवाजाच्या घडणीत आहे. कचरागाडीचे गाणे तीन गल्ल्या पलीकडून ऐकू येऊ लागते, हळूहळू वाढते आणि तसेच विरते. फटाक्याला अशी चढण नसते. हवेचा दाब सेकंदाच्या अगदी लहान अंशात शिखर गाठून खाली येतो. मध्यकर्णात रिकीब नावाच्या हाडाला जोडलेला एक चिमुकला स्नायू मोठा आवाज येताच आकसतो आणि आत जाणारी कंपने काहीशी थोपवतो, परंतु त्याला आकसायला निदान वीस-तीस सहस्रांश सेकंद लागतात, आणि तोवर फटाक्याचा पहिला धक्का अंतर्कर्णात पोहोचलेला असतो. शिवाय माणसाची श्रवणमर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ मानली जाते, तर कुत्र्याची सुमारे ६७ ते ४५,००० हर्ट्झ. अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या धक्क्यात सगळ्या वारंवारिता मिसळलेल्या असल्याने आपल्या कानांना न सापडणारा त्यातला वरचा भागही कुत्र्याला ऐकू येतो.

आपल्याकडे १९९९ पासून असा नियम आहे की फटाका फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते, म्हणजे ८ मीटरवर ११९ आणि १६ मीटरवर ११३. आमची गल्ली आठ मीटरही रुंद नाही आणि दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवत राहतात, त्यामुळे मोकळ्या मैदानाची ही वजाबाकी आमच्या वाट्याला पुरती येतही नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या हरित फटाक्यांचा मुख्य दावा सूक्ष्म कणांचे प्रदूषण निदान ३० टक्क्यांनी कमी करण्याचा आहे, आवाजाची कायदेशीर मर्यादा त्यांनाही तीच आहे. 'हिरवे आहेत, कुत्र्यालाही चालतील' असे समजून ते आणणाऱ्यांची गेल्या वर्षी मला दुकानात बरीच संख्या दिसली.

तरीही आवाज मोठा आहे एवढ्याने सवय का होऊ नये, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचे मला सर्वांत देखणे वाटणारे उत्तर ॲप्लिसिया नावाच्या एका समुद्री गोगलगायीत सापडले. हिच्या मज्जासंस्थेत जेमतेम वीस हजार चेतापेशी असतात आणि त्यांतल्या काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. एरिक कँडल यांनी याच प्राण्यावर काम करून स्मृतीचे रसायन उलगडले आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या गोगलगायीच्या श्वसननळीला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला, म्हणजे पाण्यात श्वास घेण्याचा अवयव, आत ओढून घेते. तोच निरुपद्रवी स्पर्श दहा-पंधरा वेळा केला की ओढणे मंदावते, कारण स्पर्श टिपणारी चेतापेशी पुढच्या पेशीकडे दर खेपेस कमी रसायन सोडू लागते. कचरागाडीच्या गाण्याचे चिमीच्या बाबतीत असेच काहीसे झाले असावे.

आता त्याच गोगलगायीच्या शेपटीला विजेचा एक झटका द्यावा आणि मग श्वसननळीला पूर्वीसारखाच हलका स्पर्श करावा. कल्ला पहिल्यापेक्षाही जोरात आत ओढला जातो. झटका शेपटीला बसला असला तरी धास्ती स्पर्शाची घेतली जाते! इथे थोडे रसायनशास्त्र सोसावे लागेल. झटक्यामुळे काही मध्यस्थ पेशी सेरोटोनिन सोडतात. ते स्पर्शपेशीच्या टोकाला बसल्यावर आत चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो. तो एका विकराला (एन्झाइमला) जागे करतो. ते विकर पोटॅशियमचे दरवाजे बंद करते. पोटॅशियम बाहेर पडू न शकल्याने विद्युतस्पंद लवकर विझत नाही. स्पंद लांबल्यामुळे कॅल्शियम अधिक प्रमाणात आत शिरते, आणि कॅल्शियम जितके अधिक, तितके पुढच्या पेशीवर सांडणारे रसायनही अधिक. एका झटक्याचा परिणाम काही मिनिटे राहतो. मात्र थोड्या थोड्या अंतराने चार-पाच झटके बसले तर तोच निरोप पेशीकेंद्रकापर्यंत जातो, जनुके चालू होतात, नवी प्रथिने घडतात आणि पेशींमध्ये नव्या जोडण्याच उगवतात. त्या दिवसेंदिवस टिकतात.

हा परिच्छेद कठीण गेला असेल तर एवढेच लक्षात ठेवले तरी चालेल, की सरावणे आणि बिचकणे वाढत जाणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत आणि त्या एकाच वेळी चालतात. ग्रोव्हज आणि थॉम्पसन या संशोधकांनी १९७० मध्येच अशी मांडणी केली होती. उद्दीपन सौम्य आणि अपेक्षित असेल तर पहिली प्रक्रिया जिंकते. तीव्र आणि अनपेक्षित असेल, किंवा प्राणी आधीपासूनच ताणात असेल, तर दुसरी. कुत्र्याच्या मेंदूच्या नुसत्या बाह्यकातच, म्हणजे बाहेरच्या थरातच, पन्नास कोटींच्या वर चेतापेशी असतात, तेव्हा गोगलगायीची साखळी तिथे जशीच्या तशी बसवता येत नाही. पण ही ओढाताण तिथेही चालते. दिवाळीतल्या फटाक्यांचे वेळापत्रक पाहिले तर ते जणू गोगलगायीच्या झटक्यांसाठीच आखलेले वाटते: थोड्या थोड्या अंतराने, रोज, आणि पुढचा कधी हे कळू न देता.

शेपटीचा झटका आणखी एका कारणाने माझ्या मनातून जात नाही. अंगात कुठे वेदना असेल तर आवाजाची धास्ती वाढते, असे कुत्र्यांमध्येही दिसून आले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांना सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते, त्यांची भीती तुलनेने उशिरा, वाढत्या वयात सुरू झालेली आढळली. दचकताना सगळे अंग ताठ होते, दुखरा सांधा कळ देतो आणि कळ त्या आवाजाला चिकटते. तेव्हा आजवर निवांत असलेला म्हातारा कुत्रा एकाएकी फटाक्यांना घाबरू लागला तर आधी पशुवैद्याकडून त्याचे सांधे तपासून घ्यावेत. दृष्ट काढणे किंवा गळ्यात काळा दोरा बांधणे यांचा सांध्यांशी काही संबंध नाही. भेदरून रात्री विव्हळणारा कुत्रा कोणाच्या मरणाची वर्दी देत नसतो, हेही आमच्या गल्लीत अजून सांगावे लागते.

'जवळ घेतलेस तर भीती आणखी वाढेल' हा दुसरा सल्लाही हमखास मिळतो. यात वागणूक आणि भावना यांची गल्लत आहे. खाऊ देऊन एखादी वागणूक पक्की करता येते, कारण ती प्राण्याच्या इच्छेतली असते; कापरे भरणे इच्छेतले नसते. चिमी मांडीवर येऊ पाहते तेव्हा मी तिला घेते, आणि न्हाणीघरात बसू पाहते तेव्हा तिथेच गोधडी टाकून दार उघडे ठेवते. तिला ओढून बाहेर मात्र काढत नाही.

याच तर्काने पुढे गेले की उपायही सापडतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातील स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना कोणत्या उपायाचा उपयोग झाला असे विचारले. त्यांचे २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की फटाका वाजताच लगेच आवडीचा खाऊ देणे किंवा खेळ सुरू करणे हे करून पाहणाऱ्या मालकांपैकी सुमारे ७० टक्क्यांना त्याचा गुण आला. होमिओपॅथी, पुष्पौषधी, वनस्पतिजन्य गोळ्या आणि तत्सम बाजारी शांतिदायकांचा गुण येणारे एकतृतीयांशाच्या आसपास निघाले, म्हणजे नुसत्या विश्वासानेही येईल तेवढाच. ही मालकांची मते आहेत, मोजमापे नव्हेत, हे खरे. पण दोन आकड्यांमधली दरी लहान नाही.

खाऊच्या बाबतीत क्रम चुकवून चालत नाही. आवाज आधी, खाऊ लगेच नंतर. खाऊ आधी देऊन मग आवाज झाला, असे वारंवार घडले तर खाऊच आवाजाची चाहूल ठरतो आणि कुत्रा पनीरकडेही संशयाने पाहू लागतो. मी पनीरचे किंवा उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवते. फराळाचे लाडू देऊ नयेत, कारण त्यांतले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. भीती फारच असेल तर पशुवैद्य औषध देतात, परंतु एसेप्रोमाझिनसारखे जुने गुंगीचे औषध एकटे दिले तर शरीर लुळे पडते आणि भीती आत तशीच राहते, म्हणून या बाबतीत घरच्या घरी प्रयोग करू नयेत.

फटाक्यांच्या ध्वनिमुद्रणावर सराव घेताना आवाज कुत्र्याला जेमतेम जाणवेल इतक्या पातळीपासून सुरू करतात आणि आठवड्यांच्या हिशेबाने वाढवतात. मोबाइलचा स्पीकर खालचे सूर काढतच नाही, म्हणून मी मोठा स्पीकर वापरते. या काळात खरा फटाका मध्येच वाजता कामा नये, नाहीतर महिन्याभराची मेहनत एका धमाक्यात जाते. इंदुरात असा काळ चातुर्मासात मिळतो: देवशयनी एकादशीला लग्नांचे मुहूर्त संपतात आणि वरातींची आतषबाजी थांबते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीची, रात्र मी सरावातून वगळली आहे आणि क्रिकेटचे मोठे सामने पाहून सुट्टी ठरवते. आषाढात सुरुवात करून आम्ही स्पीकरच्या आवाजाच्या चौथ्या रेषेपर्यंत आलो होतो. गेल्या मंगळवारी पाचवी लावली, तेव्हा चिमीने पनीर तोंडात घेतले आणि न चावता जमिनीवर ठेवले. म्हणून आता पुन्हा तिसरीवर आहोत.